कोंडीराम सरांचा तास

कोंडीरामला सर म्हणणारं जगात कोणी नव्हतं. पिंपरीच्या एका कारखान्यात पत्रा कापायच्या मशीनवर त्याची पस्तीस वर्षं गेली, तिथं तो 'ए कोंडीबा' होता. गावातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी तो कोंड्या, तरुण पोरांच्या तोंडी कोंडीतात्या. मशीननं डाव्या हाताची दोन बोटं नेली त्या दिवशी दवाखान्यातल्या नर्सनं तेवढं पूर्ण नाव घेतलं, तेही फॉर्मवर लिहायचं होतं म्हणून. अशा माणसाला एकाहत्तराव्या वर्षी बत्तीस पोरं उभी राहून एका सुरात 'नमस्ते सर' म्हणाली. आता त्याचं डोकं ठिकाणावर राहायला तो काय दगड होता?

गाव कुरुळीच्या शेजारचं. गाव म्हणायचं ते आपलं सवयीनं. शेतं गेली, तिथं गोदामं आली, आणि गोदामांच्या मागं भाड्याच्या खोल्यांच्या रांगा. पहाटेपासून कंपनीच्या बसगाड्या माणसं उचलतात आणि संध्याकाळी परत आणून टाकतात. पण गावाच्या पूर्वेला, ओढ्याच्या काठी, पंधरा गुंठ्यांचा एक तुकडा अजून मोकळा होता. ते बौद्ध वस्तीचं स्मशान. सातबाऱ्यावर त्याचा कुठं उल्लेख नाही. पिढ्यान्‌पिढ्या तिथं माणसं नेली एवढाच काय तो आधार.

त्याच तुकड्यात, एका करंजाच्या झाडाखाली, कोंडीरामची आम्रपाली आहे. सहा वर्षांची होती. ताप मेंदूत गेला आणि दीड दिवसात पोर संपली. लहान म्हणून जाळली नाही, पुरली. त्याला एक्केचाळीस वर्षं झाली. कोंडीरामची बायको चतुराबाई दर पौर्णिमेला तिथं जाते, एक मेणबत्ती लावते आणि घरी येते. कोणाला सांगत नाही, आणि कोणी विचारत नाही.

ओढ्यापलीकडची जमीन शेजारच्या गावाची. ती एका गोदामवाल्यानं घेतली आणि त्याचा माणूस रणजीत, बारीक मिशीचा, गोड बोलणारा, एक दिवस येऊन म्हणाला, "तात्या, तुमची हद्द ओढ्याच्या अलीकडंच संपते. स्मशान आमच्या गटात येतंय." बोंबला! दोन्ही गावांचे जुने नकाशे काढले तर ते एकमेकांशी जुळेनात. एकात ओढा अलीकडं, एकात पलीकडं. कोंडीरामच्या मुलानं, बुद्धभूषणनं, वस्तीच्या वतीनं मोजणीचा अर्ज टाकला. दोन वर्षं खेटे घालून झाल्यावर मोजणीवाल्या साहेबांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली. गावच्या शिवेचा जुना दगड मूळ जागी दाखवा. कोणी हलवलेला नसावा, खालची खूण शाबूत असावी. तशी सापडली तर ती धरतो. नाही सापडली तर मग समोरच्याचा नकाशा धरावा लागेल.

आणि ही खूण गावात एकाच माणसाला ठाऊक होती, ती म्हणजे कोंडीरामला.

त्याचं कारण जुनं आहे आणि फार गोड नाही. गावाची शीव राखायची, भांडण लागलं की डोक्यावर शिवेची माती घेऊन हद्द चालून दाखवायची, हे काम त्याच्या घराकडं होतं. मान म्हणून नव्हे, बिगार म्हणून. धम्म घेतल्यावर वस्तीनं ती सगळी कामं एका दिवसात टाकून दिली, आणि बरंच केलं. पण टाकायच्या आधी बापानं बारा वर्षांच्या कोंडीरामला पूर्वेच्या दगडापाशी नेलं होतं.

"याच्या खाली कोळसा हाय न खापरं," बाप म्हणाला. "कोळसा कुजत न्हाई, म्हनून घालत्यात. भांडान लागलं तर पंचांम्होरं उघडायचं. तवर हात लावायचा न्हाई."

एकोणसाठ वर्षं त्यानं हात लावला नाही. हे त्याच्या बाजूनं सांगून ठेवतो, कारण पुढं त्याच्या बाजूनं सांगण्यासारखं फार थोडं आहे.

गेल्या वर्षी गावच्या प्राथमिक शाळेत अंजली मॅडम आल्या. रोज सांगवीहून स्कूटीवर यायच्या. चौथीचा वर्ग त्यांच्याकडं. पोरांनी गाव पुस्तकात वाचायचं नाही, माणसांकडून शिकायचं, असं त्यांनी ठरवलं. एक गट कुंभाराच्या चाकापाशी, एक देवळातल्या ढोलवाल्यांकडं, एक गिरजाबाईकडं गोधडी शिवायला. आणि शेवटचा गट शीव बघायला. कोणीतरी कोंडीरामचं नाव सांगितलं, तशा मॅडम घरी आल्या.

बुद्धभूषण सेकंड शिफ्टला निघायच्या तयारीत होता. त्यानं ऐकलं आणि त्याच्या कपाळावर आठी चढली. "मॅडम, राग मानू नका. तुम्ही याला वारसा म्हणता. आमच्या आज्याला हे काम लाथा घालून करायला लावायचे. बाबांनी पोरांना मशीन शिकवावी, ती त्यांची स्वतःची आहे."

मॅडम म्हणाल्या, "ते पण पोरांना सांगायला पाहिजे ना? ते तरी दुसरं कोण सांगणार?"

बुद्धभूषणनं पिशवी खांद्याला लावली. त्याची बस आली, तो गेला. चतुराबाई भांडी घासता घासता म्हणाली, "पोरं येत्यात तर येऊ द्या. पर त्या पूर्वेच्या दगडाकडं नका नेऊ. मोजनी व्हायचीय अजून."

"लांबनंच दावतो," कोंडीराम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो शाळेत गेला. आणि इथंच घोटाळा झाला बघा. ही तीच शाळा. इमारत नवी, पण जागा तीच. या शाळेत तो चौथीपर्यंत शिकला तो दाराबाहेर, ओट्यावर बसून. गुरुजी प्रश्न विचारायचे ते आतल्या पोरांना. बाहेरच्याला उत्तर येत असलं तरी विचारायचं कोण? चार वर्षांत एकदाही त्याला कोणी प्रश्न विचारला नाही. आज त्याच शाळेत त्याला खुर्ची दिली, आणि मॅडम म्हणाल्या, "मुलांनो, आज हे तुमचे सर." बत्तीस पोरं उठली. 'नमस्ते सर.' म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. कौतुकाची भूक फार वाईट, आणि उतारवयात लागली तर विचारूच नका.

पाच पोरं त्याच्या वाट्याला आली. त्यात गणराज, इथल्याच पाटलांच्या भावकीतला, चुरूचुरू बोलणारा. आणि दिव्या. दिव्याचं गाव परभणीकडं, बाप चाकणला कंपनीत, एका खोलीत पाच माणसं. हे गाव तिचं नव्हतं, म्हणून की काय पोरगी ते पाठ करायला निघाली होती. वही छातीशी धरून ती कोंडीरामच्या अगदी पायात पायात चालायची. बाकीचे गट मॅडमनी वाटून दिले आणि त्या स्वतः कुंभाराकडं गेल्या. शिवेचा गट कोंडीरामच्या हवाली.

जानेवारीतला शनिवार, सकाळची शाळा. पश्चिमेचा दगड रस्त्याच्या भरावात गेलेला, तो नुसता हातानं दाखवला. उत्तरेचा एका कंपनीच्या भिंतीत चिणलेला. दक्षिणेचा पानटपरीसमोर पायरी म्हणून घातलेला, त्यावर उभं राहून लोक पिंका टाकत होते. कोंडीरामनं पोरांना आज्याचं सांगितलं, डोक्यावरच्या मातीचं सांगितलं, शीव चुकली तर पाठीवर पडणाऱ्या काठीचंही सांगितलं. दिव्यानं सगळं उतरवून घेतलं. आयुष्यात एवढं सलग तो कधी बोलला नव्हता.

मग पूर्वेचा दगड. लांबनंच दाखवायचा होता. दाखवलाही. पण मॅडमनी पोरांना एक सवय लावली होती. कोणी काही सांगितलं की विचारायचं, 'कशावरून?' चांगली सवय आहे, मी काही नाही म्हणत नाही.

"कशावरून?" गणराज म्हणाला. "हा तर साधा दगड आहे. असला आमच्या गोठ्यात पण आहे."

पोरं हसली. दिव्या नाही हसली. ती कोंडीरामकडं बघत राहिली, सर आता काय उत्तर देतात म्हणून.

त्याला पहिल्यांदाच कोणीतरी प्रश्न विचारला होता, आणि उत्तर येत होतं. झालं, तिथं म्हाताऱ्याची अक्कल गहाण पडली. बापाचं बोलणं आठवलं नाही असं नाही. चतुराबाईचंही आठवलं. पण मनात म्हणाला, वीतभर उकरतो, दाखवतो, परत झाकतो, एवढ्याशा पोरांना काय कळतंय. पोरांनी काठ्या आणल्या, हातानं माती ओढली, पाचजणांनी जोर लावून दगड आडवा केला. खाली काळीभोर रेघ. मूठभर कोळसा, दोन-चार खापरं.

गणराजनं वाकून बोट लावलं आणि बोट काळं झालेलं सगळ्यांना दाखवलं.

"सर, किती वर्षांचा?" दिव्यानं विचारलं.

"माझ्या आज्याच्याबी आदीचा," कोंडीराम म्हणाला, आणि तेवढा एक क्षण तो खरोखर सुखी होता.

मग दगड परत बसवला. माती लोटली. पोरं त्यावर उड्या मारमारून नाचली, माती दबावी म्हणून.

घरी तो काही बोलला नाही. पावसाळ्यात माती बसेल, मोजणी काय इतक्यात होतेय, असं स्वतःला समजावत राहिला. आणि पंधराव्या दिवशी मोजणीची नोटीस आली. फेब्रुवारीची वीस तारीख.

त्या दिवसापासून कोंडीराम रोज सकाळी पाण्याचा कॅन घेऊन ओढ्याकडं जायला लागला. दगडाभोवती पाणी ओतायचा, हातानं थापायचा, कुठून कुठून गवताचे ठोंब उपटून आणून तिथं खोचायचा. एकदा उकरलेली जमीन अशी फसवता येत असती तर काय पाहिजे होतं. माती भिजली की रंग आणखीच वेगळा दिसायचा. तो उन्हं चढेपर्यंत तिथं बसून राहायचा आणि आम्रपालीच्या झाडाकडं बघायची त्याची छाती व्हायची नाही.

चतुराबाईनं तीन-चार दिवस बघितलं. तिला वाटलं, मोजणी जवळ आली, म्हाताऱ्याला लेकीची आठवण दाटली, करंजाला पाणी घालतोय. पाचव्या दिवशी तिनं स्वतः कॅन भरून ठेवला. म्हणाली, "इतक्या वर्सांनी का व्हईना, सुचलं तुमाला. मला वाटायचं मी एकटीच जाते."

त्याला तिथंच सांगता आलं असतं. तिनं शिव्या घातल्या असत्या, बुद्धभूषणला कळलं असतं, काहीतरी वाट निघाली असती, नाहीतर निदान सगळे एका बाजूला उभे राहिले असते. पण त्यानं कॅन उचलला आणि चालू लागला. भेकड माणूस. मला त्याची कीव येते, आणि रागही येतो.

वीस तारखेला सगळी वस्ती ओढ्यावर जमली. मोजणीवाले साहेब आले, मशीन उभं केलं. रणजीत दोन माणसं घेऊन छत्रीखाली उभा. बुद्धभूषणनं रजा टाकली होती, हातात फाईल. चतुराबाई करंजाच्या बुंध्याशी बसलेली. आणि बघतो तर अंजली मॅडम शिवेच्या गटाला घेऊन हजर. मोजणी कशी करतात ते पोरांना प्रत्यक्ष बघायला मिळेल, एवढाच त्यांचा हेतू. त्यांना दोष देऊ नका, त्या दिवशी काय काय पणाला लागलंय हे त्यांना कोणी धड सांगितलंच नव्हतं. दिव्या कोंडीरामकडं बघून हसली. त्यानं नजर ओढ्याकडं वळवली.

साहेबांनी दोन्ही बाजूंसमोर दगड काढायला लावला. माती लोण्यासारखी निघाली. खाली कोळसा होता, खापरं होती. वस्तीतली माणसं पुढं सरकली.

"बघा साहेब," बुद्धभूषण म्हणाला.

"बघतोय ना," रणजीत म्हणाला. "माती बघा साहेब. काल-परवा कालवलीय. कोळसा काय, कुठल्याही शेकोटीतला आणून टाकता येतो."

साहेबांनी चिमटीत माती घेऊन चोळली. "हे आधी उघडलं होतं का कोणी?"

"नाही साहेब. कधीच नाही," बुद्धभूषण म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता, त्याला तेवढंच माहीत होतं. "ओढ्याची ओल आहे. माती इथं भुसभुशीतच असते."

साहेब विचारात पडले. ओल तर खरोखरच दिसत होती. त्यांनी पेनचं टोपण काढलं. असं म्हणतात की ते वस्तीच्याच बाजूनं लिहिणार होते. मला ठाऊक नाही, पण तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला तसं वाटलं.

आणि दिव्यानं हात वर केला. वर्गात करतात तसा, कोपर ताठ करून.

"काय गं बाळ?" साहेब म्हणाले.

"सर, आम्ही उघडलं होतं. अकरा जानेवारीला. कोंडीराम सरांनी आम्हाला दाखवलं. पण आम्ही परत नीट ठेवलं, सर. काही हरवलं नाही." तिनं वही उघडून त्या दिवशी काढलेलं खुणेचं चित्र पुढं केलं. तिला वाटलं, आपण मदत करतोय.

रणजीतनं छत्री मिटली. साहेबांनी बाकीच्या चार पोरांकडं बघितलं. ती इथली पोरं, घरातलं बोलणं कानावर पडलेली. मोठ्यांची तोंडं त्यांना वाचता येत होती. गणराज पायानं माती उकरत म्हणाला, "मला नाही माहीत." उरलेली तिघं मान खाली घालून उभी. दिव्याच्या खोलीत या गावाच्या भांडणाचं कोणी बोलत नव्हतं, तिला कोण सांगणार?

"दिव्या, नक्की का गं?" मॅडमनी हळूच विचारलं. त्या तर तिथं नव्हत्याच. दिव्या गोंधळली. तिनं चौघांकडं बघितलं, मग कोंडीरामकडं. "सर, सांगा ना."

"बाबा," बुद्धभूषण म्हणाला. "ही काय बोलतीये? सांगा साहेबांना, असं काही झालं नाही."

साहेबांनी पेन तसंच धरलं. "चित्र काय, ऐकूनही काढता येतं. तात्या, जाणते तुम्ही आहात. तुम्ही सांगाल ते लिहितो."

एक शब्द. पोरगी गोष्ट रचती साहेब, लहान हाय, एवढंच. वस्ती वाचली असती. करंजाखाली आम्रपाली जिथल्या तिथं राहिली असती. कोंडीरामनं तोंड उघडलंही. पण समोर ती परभणीची पोर वही धरून उभी, डोळ्यांत पाणी यायच्या बेतात, चारचौघांत खोटी पडायला आलेली, आणि 'सर' म्हणतेय. त्याला ते जमलं नाही.

"खरं सांगती ती," तो म्हणाला. "मीच उघडलं."

लोक याला त्याचा खरेपणा म्हणतात. मॅडम तर अजून म्हणतात. मला नाही वाटत. खरेपणा असता तर महिनाभर पाणी ओतलं नसतं. त्या पोरीच्या तोंडचा 'सर' त्याला सोडवला नाही, एवढीच गोष्ट आहे. साहेबांनी लिहिलं की खूण पूर्वी उघडलेली असल्यानं पुरावा म्हणून धरता येत नाही. खाली सही करायला कोंडीरामला बोलावलं. त्यानं उरलेल्या बोटांनी कागद दाबून धरला आणि सही केली. करंजापाशी चतुराबाई उठून उभी राहिली. कॅनमधलं पाणी कुठं जात होतं ते तिला आता कळलं. ती कोणाशी न बोलता घरी निघून गेली.

महिन्यानं निकालाचा कागद आला, आणि आठवड्यात स्मशानाभोवती निळे पत्रे ठोकले. बुद्धभूषणनं अपील केलंय, तारखा पडतायत. बापाशी तो बोलत नाही. बापाच्या ताटाकडंसुद्धा बघत नाही. वस्तीत कोणी शिवी दिली नाही, सगळे नुसते रस्ता बदलतात. मार्चअखेर वस्तीतल्या नवनाथच्या आईला न्यायची वेळ आली तेव्हा गाडी करून भोसरीला न्यावं लागलं. खांदा द्यायला कोंडीराम पुढं झाला तर नवनाथ म्हणाला, "राहू द्या तात्या. माणसं आहेत."

मधे पौर्णिमा आली. चतुराबाई मेणबत्ती घेऊन गेली आणि पत्र्याच्या बाहेर थोडा वेळ उभी राहून परत आली. ती नवऱ्याला एका शब्दानं बोलली नव्हती. त्या दुपारी त्याला जेवायला वाढलं, आणि समोर बसली. तशी ती कधी बसत नसे.

"ती पोरगी भेटली रस्त्यात," ती म्हणाली. "परभनीची. मला इचारत व्हती, सर शाळंत का येत न्हाईत म्हनून."

कोंडीराम भाकरी मोडत राहिला.

"तिचा काय दोष न्हाई," चतुराबाई म्हणाली. "तिनं खरं सांगितलं, तुमी तिला खोटी पाडली न्हाई. चांगलं केलं. पर त्या दिवशी तितं दोन पोरी व्हत्या. हिला तिचं तोंड व्हतं, बोलली ती. दुसरीला न्हवतं. तिच्या वतीनं बोलायला तुमी एकटं व्हता."

मग तिनं त्याच्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली आणि पाणी आणायला उठली.